खाड्यांच्या आधाराने: मांडवा ते रत्नागिरी, कमीत कमी रहदारीतून सायकलने

कोकण किनाऱ्यावर सायकलसाठी वेगळा मार्ग नाही. तरीही मुरूड-जंजिरा ते गणपतीपुळे या पट्ट्यात तासन् तास मागून गाडी येत नाही, असे रस्ते आहेत, आणि त्याचे श्रेय खाड्यांना आहे. राजपुरी, सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री या चार मोठ्या खाड्यांच्या मुखाशी वाहने फेरीबोटीने पलीकडे जातात. घाईतला माणूस बोटीची वाट पाहत नाही, तो मुंबई-गोवा महामार्ग धरतो. किनाऱ्याच्या रस्त्यावर उरतात गावची दुचाकी, एसटी, मासळीचा टेम्पो आणि शनिवार-रविवारचे पर्यटक.

म्हणून इथे सहलीचे नियोजन रस्त्यापेक्षा बोटीच्या वेळेवर आणि वारावर करायचे असते. या खाड्यांवर रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचे पूल बांधायचे काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतले आहे. ते पूर्ण झाले की हा लेख बराचसा जुना होईल. ज्यांना जायचे आहे त्यांनी लांबणीवर टाकू नये.

कधी, कोणत्या दिशेने

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हा काळ धरा. ऑक्टोबरात उकाडा असतो आणि पावसाने फोडलेले रस्ते अजून बुजलेले नसतात. मार्चपासून दमटपणा इतका वाढतो की अकरानंतर चढ चढणे शिक्षा होते. पावसाळ्यात वादळी हवेत बोटी बंद राहतात, धक्क्याच्या उतारावर शेवाळ धरते आणि घाटीतल्या वळणांवर चिखल वाहून येतो. शिमग्यात गावोगाव पालखी रस्त्यावर असते आणि मुंबईकर चाकरमानी गाड्या घेऊन आलेले असतात. पालखी पाहायला जायचे तर जरूर जा, पण त्या दिवसांत मोकळ्या रस्त्याची अपेक्षा नको. नाताळ ते नववर्ष हा आठवडा सरळ वगळा.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवा. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो, तो दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या पाठीशी किंवा उजव्या कुशीला लागतो. उलट दिशेने गेलात तर दिवसातले सर्वांत दमलेले तीन तास वाऱ्याशी झगडण्यात जातात.

सोमवारी सकाळी सुरुवात करून शनिवारी दुपारी रत्नागिरी गाठणे सर्वांत सोयीचे. अलिबाग-काशीद भाग सोमवारी रिकामा मिळतो आणि दिवेआगर, हर्णै, गुहागर ही ठिकाणे आठवड्याच्या मधल्या वारी येतात. संकष्टीला, त्यातही अंगारकीला गणपतीपुळ्याला मुक्काम येणार असेल तर सगळा आराखडा एक-दोन दिवस पुढे-मागे सरकवा.

बोटीमागची दहा मिनिटे

सगळ्या मार्गावर सर्वांत उपयोगी पडणारी युक्ती ही. फेरीबोटीला इथे बरेच जण जंगलजेटी म्हणतात. ती पलीकडे लागली की गाड्या एका घोळक्याने बाहेर पडतात. पुढच्या अरुंद घाटीत हा घोळका सायकलच्या मागे अडकतो, हॉर्न वाजतात, वळणावर कोणीतरी ओव्हरटेक करते. म्हणून उतरल्यावर लगेच निघू नका. धक्क्यावर चहा घ्या, टायर दाबून पाहा, दहा मिनिटे जाऊ द्या. गाड्या पुढे गेल्या की पुढची बोट येईपर्यंत तो रस्ता जवळजवळ तुमचाच. याची उलट बाजूही लक्षात ठेवा: बोट सुटायच्या आधीच्या पाव तासात गाड्या धक्क्याकडे धावत असतात, तेव्हा शेवटचा उतार उतरताना समोरच्यापेक्षा मागच्याकडे जास्त लक्ष हवे.

वाशिष्ठीवरच्या दाभोळ-धोपावे फेऱ्या सर्वांत दाट आहेत. २००३ मध्ये ही वाहतूक सुरू झाली ती इथूनच. आगरदांडा-दिघी (राजपुरी), बागमांडला-वेश्वी (सावित्री) आणि तवसाळ-जयगड (शास्त्री) इथे तास-दीड तासाचा खंड गृहीत धरून वेळ आखा. आदल्या रात्री मुक्कामाच्या घरी विचारले की सकाळच्या फेऱ्या नेमक्या कळतात. दुपारी जेवणाच्या वेळी एखादी फेरी नसणे नेहमीचे, आणि मोठ्या ओहोटीला बोट धक्क्याला लागायला उशीर होऊ शकतो. सायकलचे तिकीट वेगळे आणि किरकोळ असते, पण सुटे पैसे ठेवा. धक्क्यावर मोबाइलची रेंज नसेल तर यूपीआय चालत नाही.

चढण्या-उतरण्याची रीत अशी. धक्क्याच्या उतारावर सायकलवर बसू नका. भरतीच्या रेषेखालचा भाग कायम ओला, शेवाळलेला असतो आणि बोटीची लोखंडी फळी ओली झाली की गुळगुळीत टायर आडवा सरकतो. सायकल डाव्या हाताला धरून, पाऊल पूर्ण टेकवत चाला. आत कडेच्या कठड्याला सायकल टेकवा, पुढचा ब्रेक रबराच्या पट्टीने आवळून ठेवा, एक दोरी कठड्याला बांधा. चारचाकीच्या मागे उभे राहू नका: फळी टेकताना बोटीला धक्का बसतो आणि हँडब्रेक न लावलेली गाडी हलते.

सायकल: गिअर आधी, बाकी नंतर

किनारा म्हणजे सपाट, हा समज पहिल्याच घाटीत सुटतो. किनाऱ्यामागे जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडे पठार आहे. दर खाडीला आणि दर दुसऱ्या गावाला रस्ता सड्यावरून समुद्रसपाटीला उतरतो आणि पलीकडे पुन्हा चढतो. चढ एक-दोन किलोमीटरचेच, पण दहा टक्क्यांच्या आसपासचे, आणि वळणाच्या आतल्या बाजूने त्याहून तिखट. दिवसाचे ६० किलोमीटर कागदावर थोडे वाटतात, पण वेश्वीनंतरच्या दिवसांत चढाची बेरीज हजार मीटरकडे जाते.

त्यामुळे सर्वांत हलका गिअर एकास एक किंवा त्याखाली असावा. पुढचे सर्वांत लहान दातेरी चाक ३० दात्यांचे आणि मागचे मोठे ३४ चे असेल तर सामानासह बसून चढता येते. पुढे ५०-३४ आणि मागे २८ अशी रेसिंग मांडणी असेल तर मागची कॅसेट (दातेरी चाकांचा संच) ३४ ची करून घ्या, मात्र आधी मागचा डिरेलर (साखळी एका चाकावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) तेवढी मोठी कॅसेट पेलतो का ते दुकानात तपासा. बिनगिअरची सायकल नेणारे जातातही, पण निम्म्या घाट्या ढकलत.

टायर ३२ ते ४० मिलिमीटर रुंद घ्या. ७० किलोचा माणूस आणि ८-१० किलो सामान असेल तर ३५ च्या टायरमध्ये मागे ५५, पुढे ४५ पीएसआयच्या आसपास हवा पुरते. ठासून हवा भरली की खडबडीत डांबरावर हात बधिर होतात आणि उतारावरच्या बारीक खडीवर पकड सुटते. वळणांवर जांभ्याची लाल खडी जमते, तिथे ब्रेक वळणाआधी संपवायचा, वळणात लावायचा नाही. लांब उतारावर एकच ब्रेक धरून ठेवला तर रिम किंवा डिस्क तापते. दोन्ही ब्रेक आलटून पालटून, सोडत-धरत लावा.

सोबत ठेवायचे सुटे भाग: दोन ट्यूब, पंक्चरचे ठिगळ, तीन टायर लिव्हर, पंप, साखळी तोडायची सोय असलेला मल्टिटूल, साखळीच्या मापाचे दोन क्विक लिंक (साखळी जोडायच्या कड्या), ब्रेक पॅडची एक जोडी, गिअरची एक आणि ब्रेकची एक आतली तार, मागच्या चाकाच्या मापाचे दोन आरे, डिरेलर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा), प्लास्टिकच्या सात-आठ पट्ट्या. डिरेलर हँगर बहुतेक जण विसरतात. टेम्पोत किंवा बोटीत सायकल उजव्या कुशीवर पडली की वाकतो तोच, प्रत्येक सायकलचा वेगळा असतो आणि वाटेत कुठेही मिळत नाही. गावच्या दुकानात ट्यूब मिळते ती साध्या सायकलची. प्रेस्टा, म्हणजे बारीक नळीच्या व्हॉल्वची मिळेल असे धरून चालू नका. प्रेस्टाला मोटारसायकलच्या पंपाने हवा भरता यावी म्हणून पितळी अडॅप्टर खिशात ठेवा, त्याचे वजन काहीच नाही.

सामान पाठीवर घेऊ नका. दमट हवेत पाठ भिजते, पट्ट्यांखाली पुरळ उठते. मागे कॅरिअरला दोन पिशव्या, वजन दोन्हीकडे सारखे, जड वस्तू खाली. दोन जोड सायकलचे कपडे, एक जोड संध्याकाळचे, हलकी चादर, पुढचा-मागचा दिवा, सनस्क्रीन, मीठ-साखरेच्या पुड्या. तंबू बाळगायची गरज नाही, गावोगाव घरगुती मुक्काम मिळतो.

पहिला दिवस: मांडवा ते मुरूड, ७० किलोमीटर

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, ती २०२० पासून. तासाभराचा प्रवास, सायकलला तिकीट आहे आणि तिची चाके काढावी लागत नाहीत. जागा आधी आरक्षित करा. गेटवेच्या प्रवासी बोटींवर सायकल घेतील की नाही हे त्या दिवशीच्या गर्दीवर ठरते, त्या भरवशावर राहू नका.

मांडवा-अलिबाग २० किलोमीटर हा सबंध सहलीतला सर्वांत गजबजलेला तुकडा. पहिली बोट धरून तो लवकर उरका. अलिबागला कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते. कान्होजी आंग्र्यांची समाधी गावातच आहे. पुढे नागाव-चौल हा नारळी-पोफळीच्या सावलीतला रस्ता, अरुंद, गाड्या हळू. चौल-रेवदंड्याला पोर्तुगीज तटबंदीच्या आतून रस्ता जातो. पंधराव्या शतकात या बंदरात आलेल्या अफनासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याचे स्मारक रेवदंड्यात आहे, दहा मिनिटे थांबण्यासारखे.

रेवदंड्याचा पूल ओलांडला की साळाव. तिथे पोलाद कारखान्याचे ट्रक असतात, दोन-तीन किलोमीटर डावीकडे धरून सरळ रेषेत चालवा. मग कोर्लई. किल्ल्याच्या पायथ्याच्या वाडीत अजून पोर्तुगीज मिश्रित बोली बोलली जाते. काशीदच्या पुढे नांदगावपर्यंत चढ-उतार आहेत, पण मोठे नाहीत.

दुसरा दिवस: दिघी, दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन

जंजिरा पाहायचा तर राजपुरीच्या धक्क्यावरून सकाळची पहिली शिडाची होडी घ्या. सायकल धक्क्याजवळच्या दुकानात सांगून ठेवता येते, सामानाची पिशवी मात्र बरोबर न्या. शिवाजी महाराजांनी आणि संभाजी महाराजांनी प्रयत्न करूनही सिद्दीचा हा किल्ला पडला नाही, आणि होडी अगदी जवळ जाईपर्यंत त्याचा दरवाजा का दिसत नाही हे पाहिले की थोडा उलगडा होतो. किल्ल्याला अडीच-तीन तास जातात. तेव्हा त्या दिवशी श्रीवर्धनपुढे जायचा हट्ट धरू नका.

आगरदांड्याहून दिघीला उतरल्यावर बंदराचे ट्रक भेटतात. वर सांगितलेली दहा मिनिटे इथे वीस करा. दिवेआगरपर्यंत साधारण १५ किलोमीटर. दिवेआगरच्या सुपारीच्या वाडीतून जाणारे आतले रस्ते दुपारच्या उन्हात फार सुखाचे, जेवण इथेच घ्या.

दिवेआगर ते श्रीवर्धन आरावी-शेखाडीमार्गे २२-२३ किलोमीटर. या भागातला सर्वांत देखणा रस्ता हाच, आणि जाणकारांत याबद्दल वाद नाही. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला खडकावर फुटणारे पाणी, मध्ये एकेरीपेक्षा थोडा रुंद डांबरी पट्टा. मोबाइलचा नकाशा कधीकधी बोर्ली-पंचतनकडून आतला रस्ता दाखवतो, तो घेऊ नका. दुपारी साडेतीननंतर निघा, म्हणजे वारा पाठीशी येतो आणि ऊन कलते. कठडा काही जागी नाही. दृश्य पाहायचे तर थांबून पाहा.

श्रीवर्धन हे भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे गाव. दिवसाची बेरीज ४५ ते ५०.

तिसरा दिवस: सावित्री ओलांडून आंजर्ले

अंतर ६० ते ६५, पण सहलीतला सर्वांत जड दिवस. सहाला उठा, साडेसहाला निघा. डिसेंबर-जानेवारीत इथे सूर्योदय सातच्या पुढे होतो, म्हणून पहिला अर्धा तास दिवा लावून.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीलाच करता येते. खडकातली वाट भरतीला पाण्याखाली जाते, लाटेने माणसे ओढली जाण्याचे प्रकार घडले आहेत. भरती-ओहोटीची वेळ काढायला किनाऱ्यावरचा जुना हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढेमागे. भरती दिवसातून दोनदा, म्हणून वेळ दुपारची आणि पहाटेची अशी दोन्ही धरायची. ओहोटी सहा तासांनी. तास-पाऊण तास इकडेतिकडे होईल एवढे गृहीत धरा. पौर्णिमा-अमावास्येजवळ उधाण असते, पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, फरक थोडा. हा हिशेब पुढे हेदवीला आणि पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर सायकल चालवतानाही लागेल.

बागमांडल्याहून बोट सावित्री ओलांडून वेश्वीला जाते. पलीकडे बाणकोटचा हिंमतगड. १७५६ च्या तहात तो इंग्रजांना मिळाला आणि त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिले. वर जायचा चढ तिखट आहे, सामान खाली ठेवून जा. वेळास हे नाना फडणवीसांचे गाव, आणि ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांसाठी आता जास्त ओळखले जाणारे. पिल्ले समुद्रात सोडतात ती साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. ती पाहायची असतील तर इथे एक मुक्काम वाढवा, कारण सोडायची वेळ पहाटे आणि संध्याकाळी असते.

एक घोटाळा इथेच टाळा. वेळास नावाचे दुसरे गाव दिघी-दिवेआगरजवळ आहे, आणि मुरूडही दोन आहेत, एक जंजिऱ्याचे आणि एक हर्णैजवळचे. नकाशात किंवा फोनवर मुक्काम ठरवताना तालुका सांगा: मंडणगडचे वेळास, दापोलीचे मुरूड.

केळशीच्या उत्तरेला भारजा नदीची खाडी आडवी येते. तिचा पूल कोणत्या रस्त्याने गाठायचा आणि तो रस्ता सध्या कसा आहे, हे वेश्वीच्या धक्क्यावर रिक्षावाल्यांना विचारा. विचारताना किती लांब असे न विचारता, सगळा डांबरी आहे का आणि घाटी कुठे आहे, असे विचारा. अंतराचा अंदाज दुचाकीच्या हिशेबाने येतो, रस्त्याची माहिती मात्र पक्की असते. खालून जावे की वरून, हाही प्रश्न सगळ्यांना कळतो: खालून म्हणजे किनाऱ्याने, वरून म्हणजे सड्याने. नकाशा चालण्याच्या पर्यायावर ठेवला तर तो पाखाडीत नेऊन सोडतो, आणि जांभ्याच्या शंभर पायऱ्या भरलेल्या सायकलने उतरणे विनोदी नसते.

केळशीत याकूबबाबांचा दर्गा आहे, शिवाजी महाराजांनी त्याला इनाम दिल्याचे प्रसिद्ध आहे. तिथून आंजर्ल्यापर्यंत किनाऱ्याच्या गावांतून जाणारा रस्ता, रहदारी नावापुरती. आंजर्ल्यात संध्याकाळी पोचणार असाल तर रात्रीचे जेवण दुपारीच फोनवर सांगून ठेवा. घरगुती खानावळीत मागणीप्रमाणे शिजते. आठ वाजता अचानक गेलात तर भात-आमटी मिळेल, मासे मिळणार नाहीत.

चौथा दिवस: हर्णै, दाभोळ, गुहागर

कड्यावरचा गणपती सकाळी, पाय ताजे असताना. मग खाडीवरचा पूल ओलांडून पाजपंढरीवरून हर्णै. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर कनकदुर्ग. बंदरावरचा मासळीचा लिलाव बघण्यासारखा आहे, पण त्या वेळी रस्त्यावर बर्फाचे पाणी, मासळीचे पाणी आणि टेम्पो यांचा चिखल असतो. सायकल वर ठेवून पायी उतरा.

दापोलीच्या मुरूडवरून कर्द्याला पुळण रुंद आणि घट्ट आहे, त्यामुळे तिच्यावरून सायकल चालवायचा मोह सगळ्यांनाच होतो. चालवायची तर ओहोटीच्या तासभर आधी-नंतर, ओल्या पण पाणी न साचलेल्या पट्ट्यावर, हवा १० पीएसआयने कमी करून. खाऱ्या पाण्यात चाक घालू नका. पाणी हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) शिरले की दोन दिवसांत बेअरिंग कुरकुरते, आणि वाळू साखळीत गेली की कॅसेटचे दाते घासते. त्या संध्याकाळी सायकल गोड्या पाण्याने धुवा, पण तांब्याने, वरून. पाइपची धार हब आणि बॉटम ब्रॅकेटवर (पेडल फिरतात तो आस) मारली तर खार आणखी आत जातो. पुसून वाळवा, मग साखळीच्या प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब, पाच मिनिटांनी बाहेरचे तेल फडक्याने टिपून घ्या. वर राहिलेल्या तेलाला लाल धूळ चिकटते आणि तिची घासपेस्ट होते. पुळणीवर गेला नाहीत तरी साखळीची ही निगा रोज रात्री, खाऱ्या हवेमुळे.

कर्द्यापासून लाडघर, बुरोंडी, कोळथरे, पंचनदी असे चढत-उतरत दाभोळ. हर्णै-दाभोळ ४० ते ४५ किलोमीटर. बुरोंडीनंतर सड्यावर सावली नाही आणि दुकाने दुपारी एक ते चार बंद असतात. लाडघरलाच तीन लिटर पाणी भरून घ्या. दर तासाला अर्धा ते पाऊण लिटर प्या आणि दर दुसऱ्या बाटलीत चिमूटभर मीठ आणि साखर टाका. नुसते पाणी पीत राहिलात तर दुपारी मांड्यांत पेटके येऊ शकतात. शहाळे मिळेल तिथे घ्या, मात्र जेवणाऐवजी नाही.

दाभोळचा उतार मोठा, वळणांचा आणि शेवटी थेट गावात घुसणारा. आदिलशाहीच्या काळात हे मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंचे बंदर होते, १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते जाळले. धक्क्याजवळची शाही मशीद त्या वैभवातली उरलेली. धोपाव्याला उतरून अंजनवेलवरून गुहागर १७ किलोमीटर. अंजनवेलला गोपाळगड आहे, पण सूर्यास्तापूर्वी तासभर हाती असेल तरच वळा.

पाचवा दिवस: तवसाळची बोट आणि पुळे

गुहागर-पालशेत-वेळणेश्वर-हेदवी-तवसाळ, ४० किलोमीटर. पालशेतपासून तवसाळपर्यंत मोजके टेम्पो आणि एसटी, बाकी शांतता. लय सापडते ती याच दिवशी: एव्हाना पायांना घाटी कळलेली असते. हेदवीची बामणघळ भरतीला पाहायची, खडकाच्या चिरेतून पाणी उंच उसळते. तिथी पाहून वेळ जमत असेल तरच थांबा, ओहोटीला तिथे कोरडी चीर दिसते. चिरेच्या काठावर पाय ठेवू नका, खडक ओला असतो.

तवसाळच्या धक्क्यावर खायला फारसे काही मिळेल असे धरू नका, हेदवीत पोटभर खाऊन निघा. जयगडला उतरल्यावर बंदराचे कोळशाचे ट्रक निवळीच्या रस्त्याला लागतात. पाचव्या दिवशी बेसावध झालेल्या सायकलस्वाराला खरी भीती त्यांचीच. भडक रंगाचा शर्ट घाला, मागचा दिवा दिवसाही लुकलुकता ठेवा आणि मुख्य रस्ता शक्य तितक्या लवकर सोडून मालगुंडकडे वळा. मालगुंड केशवसुतांचे जन्मगाव, त्यांचे स्मारक साधे आणि नीटनेटके. तिथून गणपतीपुळे जवळच.

सहावा दिवस: रत्नागिरी आणि परतीची गाडी

भंडारपुळे, आरे-वारे, मग रत्नागिरी, २५ किलोमीटर. आरे-वाऱ्याच्या चढावरून दोन्ही किनारे एकदम दिसतात, म्हणून शनिवारी तिथे गाड्या आडव्या-तिडव्या उभ्या असतात. आठच्या आत तो भाग पार करा. शहरात थिबा राजवाडा किंवा टिळकांचे जन्मस्थान बघायला वेळ आहे. रेल्वे स्थानक मात्र शहरापासून पाच-सहा किलोमीटर वर, चढावर आहे. बंदरापासून स्थानकाला सामानासह पाऊण तास धरा.

सायकल रेल्वेने न्यायची तर पार्सल ऑफिसात गाडीच्या किमान दोन तास आधी पोचा. स्वतःचे आरक्षित तिकीट आणि ओळखपत्राची प्रत दाखवून ती लगेज म्हणून नोंदवतात, तेव्हा ती त्याच गाडीच्या सामानाच्या डब्यात जाते. पार्सल म्हणून नोंदवली तर दुसऱ्या गाडीने, दोन दिवसांनीही येऊ शकते, म्हणून पावतीवर काय लिहिले आहे ते वाचा. पेडल काढून पिशवीत ठेवा, हँडल आडवे फिरवा, डिरेलरवर पुठ्ठा बांधा, दिवे आणि मीटर काढून घ्या. नाव, फोन आणि उतरायचे स्थानक दोन ठिकाणी लिहा: एक फ्रेमला, एक सीटला. गाडी रत्नागिरीला थोडाच वेळ थांबते. सामानाचा डबा फलाटावर कुठे येणार हे हमालाला विचारून तिथेच उभे राहा आणि सायकल चढलेली डोळ्यांनी पाहूनच आपल्या डब्याकडे जा. उतरायच्या स्थानकावरही आधी सामानाचा डबा, मग बाकीचे.